एकाच घरांतील अनेक वेग

जुन्नर तालुक्यांतील पिंपळवंडी येथील एखाद्या घरांत इंटरनेटचा वेग एका संकेतस्थळावर मोजला आणि लगोलग दुसऱ्यावर मोजला, तर दोन आकडे क्वचितच जुळतात. दरमहा पैसे भरणारा गृहस्थ साहजिकच बुचकळ्यांत पडतो. पदरीं पडलेला माल कमी कीं तराजू खोटा, हें त्यास कळत नाहीं. वस्तुतः दोन्ही मापें खरीं असूं शकतात. आणि याचा उलगडा त्याच तालुक्याच्या इतिहासापासून करतां येतो.

आर्वी येथें २६ फेब्रुवारी १९७१ पासून भारताचें पहिलें व्यापारी उपग्रह-भूकेंद्र कार्य करूं लागलें. पुढें त्यास विक्रम साराभाई यांचें नांव मिळालें. अशा केंद्राचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेशास वर जाऊन खालीं येण्यास पाव सेकंद लागतो. प्रश्न व उत्तर मिळून अर्धा सेकंद.

अर्धा सेकंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. संगणक कांहीं मजकूर पाठवितो, पोंच येईतों थांबतो आणि मग पुढचा पाठवितो. पूर्वीच्या नियमांत पोंचेवांचून ६५,५३५ बाइट्सपेक्षां अधिक पाठवितां येत नसे. अर्थात् अर्ध्या सेकंदाच्या वाटेवर, मार्ग कितीहि रुंद असला तरी, एका जोडणीस सेकंदास सुमारें एक मेगाबिटच मिळे. ही मर्यादा वाढविण्याची सोय १९९२ सालीं प्रसिद्ध झाली; लांबच्या वाटेची अडचण मात्र समूळ गेली नाहीं.

परंतु अंतर हेंच एकमेव कारण नव्हे. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठ व तेथील प्रयोगशाळा यांमधील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोहोंमधील अंतर अवघें ४०० यार्ड होतें! कारण होतें तें गर्दीचें. व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं त्यावर उपाय मांडला: पाठविणारानें हळू आरंभ करावा, वेग वाढवीत न्यावा, आणि मजकूर गहाळ होतांच आवरतें घ्यावें. ही शिस्त आजहि चालू आहे. वाट जितकी लांब, तितका वेग सांवरण्यास विलंब अधिक.

भारतांत तर वाट उगाच लांबण्याचाहि एक काळ होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट जनतेस खुलें केलें. त्यानंतर अनेक वर्षें दोन भारतीय कंपन्यांमधील मजकूर पुष्कळदां परदेशांतून फिरून येई. देशांतला मजकूर देशांतच राहावा म्हणून २००३ सालीं ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली.

आतां मापणारांकडे पाहूं जातां भेद स्पष्ट होतो. २००६ सालीं निघालेल्या ऊक्लाची चांचणी सहसा जवळचा सर्व्हर निवडून अनेक जोडण्या एकदम उघडते. २००९ सालच्या एम-लॅबची प्रसिद्ध चांचणी एकाच जोडणीवर चालते. २०१६ सालीं आलेली फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरांपासून मोजते. एकजण गांवच्या वेशीपर्यंतचा रस्ता मोजतो, दुसरा एकाच गाडीची चाल पाहतो, तिसरा ठराविक बाजारापर्यंतची वाट पाहतो. आकडे एक कसे यावेत?

म्हणून ज्यास तक्रार करावयाची आहे, त्यानें वाय-फाय बाजूस ठेवून तारेनें संगणक जोडावा. चांचणी व सर्व्हर तेच ठेवावे. सकाळीं आणि रात्रीं, कांहीं दिवस मोजून वेळेसह लिहून ठेवावें. जवळच्या सर्व्हरापर्यंतचा वेगहि सदैव कमी भरला, तर दोष घराकडील जोडणींत असण्याचा संभव मोठा. तो पुरेसा भरून केवळ दूरचा कमी पडला, तर अडचण पुढील वाटेवर किंवा पलीकडच्या सर्व्हरांत असण्याचा संभव अधिक. वेगाच्या प्रत्येक आकड्यास दोन टोकें असतात. दुसरें टोंक कोठें आहे हें पाहिल्यावांचून पहिल्यास दोष देणें न्यायाचें नव्हे.