बाल्ट्राचा ‘हिरवा’ विमानतळ

गॅलापागोसला जायचं बरेच दिवस मनात घोळतंय. तिकीट बघता बघता तिथल्या विमानतळाचा इतिहासच वाचत बसलो.

बाल्ट्रा हे तसं ओसाड बेट. दुसऱ्या महायुद्धात पनामा कालव्याच्या रक्षणासाठी अमेरिकेनं इथे हवाई तळ बांधला. त्याच सुमारास बेटावरचे इग्वाना नामशेष झाले. नशीब एवढंच, की १९३०च्या दशकात काही इग्वाना शेजारच्या नॉर्थ सेमोर बेटावर नेऊन सोडले होते. त्यांचे वंशज १९९१पासून परत आणले गेले.

२०१२ साली इथे नवं टर्मिनल उभं राहिलं. जुन्या इमारतीचं सामान आणि तेलविहिरींचे टाकाऊ पोलादी पाईप वापरून बांधलेलं. एसीऐवजी खेळती हवा, वीज ऊन-वाऱ्याची. २०१४ मध्ये ‘लीड गोल्ड’ प्रमाणपत्रही मिळालं. मानलं बुवा!

पण मेख पुढेच आहे. इक्वेडोरचा किनारा इथून सुमारे हजार किलोमीटर. येणारं प्रत्येक विमान जेट इंधनच जाळतं, आणि तो धूर काही टर्मिनलच्या हिशोबात येत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मॉड्यूलच्या सगळ्या टेस्ट पास, सिस्टीम मात्र फेल.

इग्वाना परत आणता आले. आकाशात सोडलेला धूर कोण परत आणणार?

असो. तिकिटाचं पान अजून उघडंच आहे.