विक्रीविदा जोडणी

विक्रीविदा जोडणी म्हणजे ऑनलाइन दुकानातील विक्रीच्या नोंदी विपणन विश्लेषण प्रणालीकडे आपोआप पोहोचविण्याची व्यवस्था होय. दुकानाच्या नोंदींतून काय व किती विकले गेले एवढेच कळते. ग्राहक कोणत्या जाहिरातीमुळे आला, हे समजण्यासाठी त्या नोंदी जाहिरातींच्या नोंदींशी जुळवाव्या लागतात. शॉपिफाय, वूकॉमर्स यांसारख्या दुकान-प्रणाली गूगल अ‍ॅनालिटिक्सशी, तसेच मुंबईत सुरू झालेल्या वेबएंगेज (२०११) व क्लेव्हरटॅप (२०१३) यांच्याशी अशा रीतीने जोडता येतात.

कार्यपद्धती

जाहिरातीच्या दुव्याला जोडलेल्या यूटीएम खुणांवरून ग्राहकाचा उगम ओळखला जातो. यातील पहिले अक्षर 'अर्चिन' या कंपनीच्या नावावरून आले असून ती कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली. खरेदी पूर्ण होताच व्यवहार क्रमांक, रक्कम, चलन आणि वस्तूंची यादी विश्लेषण प्रणालीकडे पाठविली जाते.

ही माहिती ग्राहकाच्या ब्राउझरमधून पाठविल्यास जाहिरातरोधकांमुळे काही विक्री निसटते. दुकानाच्या सर्व्हरवरून पाठविल्यास विक्री सहसा निसटत नाही. मात्र ब्राउझरची ओळखखूण सोबत नसेल, तर उगम अज्ञात राहतो. दोन्ही मार्ग एकदम वापरल्यास एकच विक्री दोनदा मोजली जाऊ शकते, म्हणून दोन्हीकडे समान क्रमांक द्यावा लागतो. व्यवहार क्रमांकाची जागा रिकामी पाठविणे याहून घातक ठरते: गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये अशा वेगवेगळ्या खरेदी एकाच व्यवहाराच्या पुनरावृत्ती समजून गाळल्या जातात.

भारतातील अडचणी

भारतात माल हाती आल्यावर पैसे देण्याची पद्धत रूढ असल्याने मागणी नोंदविली जाणे आणि विक्री होणे यांत अंतर पडते. हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, सेनगाव तालुक्यातील गोरेगाव येथील एका बचत गटाकडे हळदीच्या प्रत्येकी ५०० रुपयांच्या १०० मागण्या आल्या व त्यांपैकी ३० पार्सले परत आली. प्रणाली ५०,००० रुपये दाखवील. हाती ३५,००० येतील आणि परतीचा टपालखर्च वेगळाच. परताव्याची घटना स्वतंत्रपणे पाठविली नाही, तर तोट्यातील जाहिरातही फायदेशीर दिसते व तिच्यावरच पुढचा खर्च होतो. लहान विक्रेत्याला ही चूक सर्वाधिक महागात पडते.

अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठेवर विक्रेत्याचा स्वतःचा मागोवा-संकेत बसविता येत नाही. ओएनडीसी जाळ्यावर ग्राहक दुसऱ्याच अ‍ॅपवरून मागणी नोंदवितो. त्यामुळे तेथील विक्री बहुधा अहवाल उतरवून घेऊन हाताने जुळवावी लागते.

विदेची मालकी व गोपनीयता

गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सच्या सर्वसाधारण आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी विदा स्वीकारणे थांबविले आणि पुढे जुने अहवालही उपलब्ध राहिले नाहीत. ज्यांनी ते वेळीच उतरवून घेतले नव्हते, त्यांचा विक्रीचा इतिहास गेला. मूळ नोंद दुकानाकडेच ठेवण्याचा आग्रह धरला जातो, तो यामुळेच.

ग्राहकाचा भ्रमणध्वनी क्रमांक वा ईमेल सांकेतिक रूपात पाठविला, तरी त्यावरून व्यक्तीची ओळख जुळविता येते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक विदेसाठीची संमती विशिष्ट हेतूपुरती असते. हळद पोहोचविण्यासाठी दिलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरण्याची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही. या अधिनियमाखालील दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.