ॲसिडिटीचा हिशेब: शंखभस्म ते गुलाबी जेल

आयटीत दोन-तीन वर्षं काढली की ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धवट स्ट्रिप हमखास सापडते. इनो भारी की जेल, यावर कँटीनमध्ये वादही रंगतात. पण मंडळी, 'भारी' म्हणजे नक्की काय आणि ते मोजायचं कसं?

पोटातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, हे विल्यम प्राउटने १८२४ साली दाखवलं. उपाय मात्र त्याच्या कितीतरी आधीचे. 'माधवनिदाना'त अम्लपित्तावर वेगळा अध्याय आहे. शंख, कवडी, प्रवाळ यांची भस्मं वैद्य पूर्वापार देत आले. रसायनशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर या तिन्ही वस्तू मुळात कॅल्शियम कार्बोनेटच! पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ सालचं, आणि तिकडे अमेरिकेत फिलिप्सने 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' आणलं १८७३ साली. गंमत आहे ना?

आम्ल मारायचं हे काम आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्याला नवीन नाही. अंथुर्ण्याच्या आसपासचा ऊस कारखान्यात गेला की त्याच्या आम्लधर्मी रसात चुना घालतात आणि पीएच ७ च्या आसपास आणतात. चुना कमी पडला तर साखर फुटते, जास्त झाला तर रसाचा रंग काळवंडतो. म्हणजे 'जास्त चुना = जास्त चांगलं' असं नसतं. पोटाचंही तेच.

आता आकडे बघू. पोटातलं आम्ल साधारण ०.१ नॉर्मल धरलं, तर १ ग्रॅम खाण्याचा सोडा सुमारे १२० मिली आम्ल मारतो, कॅल्शियम कार्बोनेट २०० मिली आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड जवळपास ३४० मिली. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड कागदावर याहून वरचढ, पण कामाला फार संथ. सोडा सगळ्यांत चपळ, पण ग्रॅमभर सोड्यातून पाव लिटरहून जास्त गॅस निघतो (तीच ती 'बरं वाटल्याची' ढेकर). मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ. म्हणून बहुतेक जेलमध्ये दोघांची जोडी असते. शुद्ध इंजिनिअरिंग ट्रेड-ऑफ!

बाजारातल्या औषधांची नीट तुलना केली ती फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी, १९७३ साली. सारख्याच मापाच्या डोसांची ताकद एकमेकींपासून फार वेगळी निघाली. १९७४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नियमच केला: एका डोसने किमान ५ मिलीइक्विव्हॅलंट आम्ल मारलंच पाहिजे. चाचणी सोपी आहे. औषध जादा आम्लात १५ मिनिटं ढवळायचं, आणि उरलेलं आम्ल पीएच ३.५ येईपर्यंत अल्कलीने मोजायचं. बारावीचं टायट्रेशन आठवलं का?

पण बीकर म्हणजे पोट नव्हे. रिकाम्या पोटी घेतलेलं अँटासिड २०-४० मिनिटांत पुढे सरकतं. जेवणानंतर तासाभराने घेतलं तर दोन-तीन तास टिकतं. थोडक्यात, ब्रँडइतकंच टायमिंग महत्त्वाचं. आणि आपलं लाडकं थंड दूध? ते घटकाभर आराम देतं खरं, पण त्यातलं प्रोटीन आणि कॅल्शियम पोटाला नवीन आम्ल बनवायला लावतं. शिकागोच्या सिप्पीने १९१५ पासून अल्सरच्या रुग्णांना दर तासाला दूध-साय आणि सोबत अल्कली दिली. १९२३ पर्यंत या उपचाराचे विषारी परिणाम नोंदवले गेले होते.

या सगळ्या हिशेबात खरा गुन्हेगार निसटलाच होता. १९८४ साली बॅरी मार्शलने जिवाणूंचं मिश्रण स्वतः पिऊन दाखवलं की हेलिकोबॅक्टर पायलोरीमुळे जठराला सूज येते. बरेचसे अल्सर याच जिवाणूमुळे होतात आणि अँटिबायोटिकने बरे होतात, हे पुढे सिद्ध झालं. २००५ साली त्याला वॉरनसोबत नोबेल मिळालं. म्हणजे कित्येक दशकं लोक आम्ल मोजत बसले, आणि बग दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये होता!

म्हणून, कधीमधी मिसळ जास्त झाली तर जेल घ्या, खुशाल घ्या. पण दोन आठवडे रोज घ्यावं लागत असेल, वजन उतरत असेल, गिळताना अडकत असेल किंवा शौच काळी होत असेल, तर तुलना थांबवा आणि डॉक्टर गाठा. अँटासिड आम्ल मारतं, कारण नाही.