गाठीची विद्या

मराठीत गाठीच्या दोन जाती सांगतात. एक टोक ओढताच जी उकलते ती सुरगाठ, आणि कितीही ओढले तरी जी उकलत नाही ती निरगाठ. घरगुती व्यवहारास एवढा भेद पुरतो. परंतु जो मनुष्य होडी बांधतो, जाळे विणतो, किंवा दोराच्या भरवशावर स्वतःचा देह सोपवतो, त्याला एकाच गाठीकडून दोन्ही गुण हवे असतात. भार असेपर्यंत तिने निरगाठ असावे आणि भार उतरताच सुरगाठ व्हावे. या अवघड मागणीस उतरणाऱ्या गाठी फार थोड्या आहेत. त्या कोणी प्रथम बांधल्या हे इतिहासास ठाऊक नाही, कारण हजारो वर्षे ही विद्या पोथीत नव्हती. ती हातातून हातात जात होती.

ती किती जुनी आहे याचा एक पुरावा उत्तर युरोपात सापडला. सन १९१३ मध्ये त्या वेळच्या फिनलंडमधील आंत्रेआ या ठिकाणी एका शेतकऱ्यास ओलसर कुरणात खणताना मासे धरण्याच्या जाळ्याचे अवशेष मिळाले. (हा प्रदेश आता रशियात मोडतो.) जाळे वाळुंज वृक्षाच्या अंतर्सालीचे होते, सोबत झाडाच्या सालीचे तरंगते तुकडे व बुडाशी लावावयाचे दगड होते. संशोधकांनी त्याचे वय दहा हजार वर्षांहून अधिक ठरविले असून त्याची लांबी सुमारे ३० मीटर असावी असा अंदाज केला आहे. एवढ्या जाळ्यास हजारो गाठी लागतात, आणि त्यांतील एक सरकली तरी तेथे मोठे भोक पडते. तेव्हा ज्याने ते विणले तो नवशिका खचित नव्हता.

आज जगभरच्या कोळ्यांच्या जाळ्यांत जी गाठ सर्रास दिसते, तिच्याच रचनेच्या गाठीने खलाशी एक जाड व एक बारीक दोर एकमेकांस जोडतो, आणि तीच गाठ घालून विणकर तुटलेला धागा सांधतो. तीन धंदे, तीन नावे, गाठ एकच! या मंडळींनी ती एकमेकांपासून उचलली, की प्रत्येकाला आपापल्या गरजेतून सुचली, हे सांगता येणे कठीण आहे.

गाठ शब्दांनी शिकविण्याचा सर्वांत जुना ज्ञात प्रयत्न मात्र खलाशाने नव्हे, वैद्याने केला. हेराक्लास नावाच्या ग्रीक वैद्याने, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या शतकात, मोडलेले हाड ताणून धरण्यास व जखम बांधण्यास उपयोगी अशा डझनाहून अधिक गाठी व फास वर्णन करून ठेवले. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियन याचा वैद्य ओरिबासियस याने ते वर्णन आपल्या वैद्यकसंग्रहात उतरून घेतले, म्हणून ते वाचले. पण नुसत्या शब्दांवरून गाठ बांधणे किती दुर्घट! त्यांतील एक फास म्हणजे मुले दोन्ही हातांच्या बोटांवर दोरा गुंफून ज्या आकृती करतात त्यांपैकीच एक आहे, ही गोष्ट विसाव्या शतकापर्यंत कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

याच प्राचीन गाठींत एक अशी आहे की जी प्रत्येकाला येते असे वाटते, आणि जी पुष्कळांना येत नाही. रोमन लोक तिला हर्क्युलीसची गाठ म्हणत. या गाठीने बांधलेली जखम लवकर भरते असे प्लिनी या ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. शिडाचा पसारा वाऱ्यात कमी करताना खलाशी हीच गाठ वापरीत, म्हणून इंग्रजीत तिला रीफ गाठ असे नाव पडले. श्रोत्यांपैकी कोणीही सुतळीचा तुकडा घेऊन पडताळून पाहावे. उजवे टोक डाव्यावरून घेऊन एक पेड घातला, की आता डावीकडे गेलेले तेच टोक पुन्हा दुसऱ्यावरून आणावयाचे. गाठ साधली असेल तर दोन्ही मोकळी टोके आपापल्या दोराला बिलगून समांतर राहतात आणि गाठ सपाट बसते. दुसऱ्या वेळी क्रम चुकला, तर टोके आडवी, दोराशी काटकोन करून बाहेर येतात. इंग्रज खलाशी या चुकलेल्या गाठीस आजीबाईची गाठ म्हणून हिणवीत. बिचाऱ्या आजीबाईंचा यात काय अपराध, हे त्यांनाच ठाऊक. ही चुकलेली गाठ कधी सरकते, कधी अशी घट्ट आवळते की सुरीच लागते. कोणत्या वेळी काय करील याचा नेम नाही, आणि तोच तिचा खरा दोष.

पण बरोबर बांधलेली रीफ गाठदेखील एका कामास अपात्र आहे. दोन वेगळे दोर जोडून त्यांवर भार टाकण्यास ती कधीही वापरू नये. तिचे एक टोक जोराने हिसडले की सगळी गाठ उलटते आणि दुसरा दोर तिच्यातून सहज निसटतो. शीड सोडताना खलाशाला हाच गुण हवा असे. पण दोराला माणूस लोंबकळत असेल तर तोच गुण त्याचा प्राण घेतो. पट्टी बांधावी, गठ्ठा बांधावा, तेथे तिने थांबावे.

माणसाच्या कमरेस बांधण्याची गाठ निराळी आहे. तिला बोलाइन म्हणतात. मूळचा हा शब्द चौकोनी शिडाची कड वाऱ्याकडे ओढून धरणाऱ्या दोराचा. कॅप्टन जॉन स्मिथ याच्या १६२७ मधील नौकानयनाच्या पुस्तकात या गाठीचे नाव आलेले आहे. दोरात एक लहान वळसा घ्यावयाचा, टोक खालून त्यातून वर काढावयाचे, मुख्य दोराच्या मागून फिरवून पुन्हा त्याच वळशातून खाली न्यावयाचे. स्काउट मुलांना हे शिकविताना ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो आणि पुन्हा बिळात शिरतो, असे सांगतात. या गाठीने होणारा फेर आवळत नाही, हे तिचे मर्म होय. पाण्यात पडलेल्याच्या अंगाभोवती साधा सरकता फास टाकून वर ओढले, तर त्याच्याच वजनाने त्याची छाती आवळली जाते. बोलाइनचा फेर होता तेवढाच राहतो. आणि भार उतरल्यावर तिच्या पाठीवरचा वळसा अंगठ्याने मागे ढकलला की ती सुटते.

या विखुरलेल्या विद्येस एकत्र आणण्याचे काम क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकन चित्रकाराने केले. १९०४ मध्ये देवमासे मारणाऱ्या सनबीम नावाच्या जहाजावरून तो सफरीस गेला होता. पुढे त्याने खलाशांखेरीज खाटीक, मोची, सर्कशीतील कामगार अशांच्याही गाठी न्याहाळल्या आणि अकरा वर्षे खपून १९४४ मध्ये सुमारे ३,९०० नोंदींचा व सात हजारांच्या आसपास चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. रीफ गाठीने दोर जोडण्याविरुद्ध कडक इशारा त्यानेच दिला आहे. त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. शिंपले काढणाऱ्या एका होडीवर त्याने दुरून एक गुबगुबीत गाठ पाहिली. ती त्याला अपरिचित वाटली, म्हणून घरी येऊन त्याने पुष्कळ खटपटीने तशी गाठ जुळविली. पुढे जवळून पाहता कळले की होडीवरील गाठ नेहमीचीच, इंग्रजी आठाच्या आकाराची होती. पाण्याने फुगून ती वेगळी दिसत होती. दुरून पाहण्याच्या चुकीतून जगाला एक नवी, उपयुक्त गाठ मिळाली!

नवी म्हणून गाजलेली गाठ जुनी निघाल्याचेही उदाहरण आहे. १९७८ मध्ये इंग्लंडातील डॉ. एडवर्ड हंटर यांची दोन दोर जोडण्याची गाठ लंडनच्या टाइम्स पत्राने प्रसिद्ध केली आणि मोठा गाजावाजा झाला. नंतर आढळले की अमेरिकेत फिल स्मिथ यांनी ती १९५०च्या दशकातच गिर्यारोहणाच्या पुस्तकात छापली होती. मात्र त्या चर्चेतून गाठींच्या अभ्यासकांची ओळख वाढली आणि १९८२ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

नायलॉन आल्यावर जुन्या गाठींची पुन्हा परीक्षा झाली. ताग व काथ्याचे खरखरीत दोर एकमेकांस घट्ट धरतात. नायलॉन गुळगुळीत असतो. भार नसताना अशा दोरावरील बोलाइन हलून हलून सैल होऊ शकते, म्हणून गिर्यारोहक बहुधा दुहेरी आठाची गाठ पसंत करतात. गळाच्या एकेरी नायलॉन धाग्यात गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने भिजवावी लागते. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने धागा तेथेच दुबळा होतो. मुळात प्रत्येक गाठ दोराचे बळ काही अंशी घटवतेच, कारण तीव्र वळणावर सर्व तंतूंवर सारखा ताण येत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर एके काळी लोखंडी खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गलबते बांधीत. असे एक जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात नव्याने बांधले गेले. त्याचा जुना आराखडा कोठेही उपलब्ध नव्हता. आकार चित्रावरून बेतला, परंतु शिवण घातली ती केरळातील बाबू शंकरन् व त्यांच्या सोबतच्या कारागिरांनी. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते कौंडिण्य या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघाले.