एका डॉलरचिन्हाचे दोन धनी

२००५ साली ‘एजॅक्स’ हे नाव रूढ झाले आणि वेबवरील फॉर्मचा जुना सोपस्कार मोडू लागला. माहिती भरून बटण दाबल्यावर संपूर्ण पान नव्याने येण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्याच वर्षी सॅम स्टीफन्सन यांनी ‘रुबी ऑन रेल्स’ या फ्रेमवर्कला एजॅक्सची जोड देण्यासाठी ‘प्रोटोटाइप’ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी रचली.

रेल्समध्ये प्रोग्रामरने रुबीची एक ओळ लिहावी आणि फ्रेमवर्कने फॉर्मच्या टॅगमध्येच प्रोटोटाइपची आज्ञा छापून द्यावी, अशी व्यवस्था होती. सोय मोठी; पण त्यामुळे प्रत्येक फॉर्म एकाच लायब्ररीला जखडला गेला.

जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन रेसिग यांनी ‘जेक्वेरी’ मांडली. तिनेही प्रोटोटाइपप्रमाणे डॉलरचिन्हावर हक्क सांगितला. दोघी एका पानावर आल्या की नंतर आलेली ते चिन्ह बळकावी आणि आधीचीचा कोड कोलमडे. जेक्वेरीने ते चिन्ह परत करण्याची ‘नोकॉन्फ्लिक्ट’ ही सोय दिली, हे तिचे सौजन्यच म्हणायचे. शिवाय प्रोटोटाइप ब्राउझरच्या मूळ वस्तूंनाच आपल्या पद्धती चिकटवत असे, तर जेक्वेरी स्वतःच्या वेष्टणात राही. प्रोग्रामर तिच्याकडे वळत गेले. रेल्सचे फॉर्म मात्र प्रोटोटाइपचीच भाषा बोलत राहिले. ‘जेरेल्स’सारख्या प्लगइनने तीच भाषा जेक्वेरीत उतरवून दिली, पण ती मलमपट्टीच होती.

२३ डिसेंबर २००८ रोजी रेल्स आणि ‘मर्ब’ या प्रतिस्पर्धी फ्रेमवर्कचे विलीनीकरण जाहीर झाले. रेल्सची स्वतःची निवड कायम राहील, पण तिच्या जागी दुसरा पर्याय बसवणे सोपे होईल, असे धोरण ठरले. ऑगस्ट २०१० मधील रेल्स ३ मध्ये फॉर्मवर आज्ञा छापणे थांबले. उरली केवळ ‘डेटा-रिमोट’ ही खूण. ‘डेटा-’ने सुरू होणारी गुणनामे लेखकाला मोकळी ठेवणारे एचटीएमएल ५ तेव्हा आकार घेत होते. फॉर्म सादर होताच ती खूण ओळखून विनंती पाठवण्याचे काम एका छोट्या फाइलकडे गेले. अशी एक फाइल प्रोटोटाइपसाठी, दुसरी जेक्वेरीसाठी. फॉर्म मात्र तोच. फाइल पोहोचलीच नाही, तरी तो जुन्या रीतीने सादर होई.

किंमतही मोजावी लागली. जुने हेल्पर गाभ्यातून निघून वेगळ्या प्लगइनमध्ये गेले आणि अनेकांना आपली टेम्प्लेटे पुन्हा लिहावी लागली. ‘डेटा-मेथड’ लावलेला ‘काढून टाका’चा दुवा तर जावास्क्रिप्टविना साधा दुवाच ठरे, तिथे ही युक्ती लंगडीच राहिली.

ऑगस्ट २०११ मध्ये रेल्स ३.१ ने जेक्वेरीला पहिली पसंती दिली. खुणा वापरणाऱ्या फॉर्मना त्याची झळ लागली नाही. २०१७ च्या रेल्स ५.१ ने जेक्वेरीही सोडली. खुणा वाचणारी फाइल कोणत्याही लायब्ररीविना नव्याने लिहिली गेली, आणि ‘डेटा-रिमोट’ तसेच चालू राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये रेल्स ७ ‘टर्बो’ घेऊन आले, तेव्हा कुठे नव्या फॉर्मना त्या खुणेची गरज उरली नाही.