सोन्याचे नाणे ऑनलाइन घेताना...

साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा मुहूर्त किंवा गुरुपुष्यामृत योग आला की, गुंजभर का होईना, सोने घरात आणण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. पूर्वी त्यासाठी पेढीवर जाऊन वळे किंवा वेढणी घेतली जाई. ओळखीचा सराफ ग्राहकासमोर वजन करी आणि शंका आल्यास कसोटीच्या दगडावर सोने घासून दाखवी. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर नाणे पाहून खरेदी करणाऱ्याला मात्र तराजू दिसत नाही, कसोटीही नाही. समोर असतात ती एक-दोन छायाचित्रे आणि विक्रेत्याने लिहिलेले चार शब्द. फसवणूक होते ती बहुधा याच दोन गोष्टींच्या आधारे.

ही फसवणूक दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात नाणे सरळसरळ बनावट असते. दुसऱ्या प्रकारात वस्तू असते तशीच, पण तिचे वर्णन दिशाभूल करणारे असते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण तक्रार करायला गेल्यावर 'आम्ही तसे म्हटलेच नव्हते' असे सांगण्याची वाट विक्रेत्याने मोकळी ठेवलेली असते.

शब्दांतील मुलामा

'गोल्ड प्लेटेड', 'गोल्ड टोन', 'गोल्ड फिनिश', '२४ कॅरट सोन्याचा थर' या शब्दांचा अर्थ एकच : आत दुसरा धातू, वर सोन्याचा मुलामा किंवा नुसता सोनेरी रंग. '२४ कॅरट' हे मोठ्या अक्षरांत आणि 'थर' हे बारीक अक्षरांत छापले, की वाचणाऱ्याचा समज आपोआप बदलतो. 'एक ग्रॅम गोल्ड' या शब्दांनीही असाच घोळ होतो. दागिन्यांच्या बाजारात या नावाने मिळतो तो मुलामा दिलेला माल. त्यामुळे त्याच नावाचे 'कॉइन' म्हणजे एक ग्रॅम वजनाचे शुद्ध सोने असेल, असे धरून चालता येत नाही.

खऱ्या सोन्याच्या नाण्याच्या वर्णनात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : ग्रॅममधील वजन, शुद्धता आणि नाणे पाडणाऱ्या टाकसाळीचे किंवा शुद्धीकरण कारखान्याचे नाव. शुद्धता हजार भागांत सांगतात. ९९९ किंवा ९९५ म्हणजे बाजारभाषेत २४ कॅरट, ९१६ म्हणजे २२ कॅरट. यांपैकी एकही गोष्ट गाळलेली असेल, तर ती लेखी विचारून घ्यावी. 'प्रतिकृती', 'स्मृतिचिन्ह', 'टोकन' असे शब्द वर्णनाच्या तळाशी दडलेले नाहीत ना, हेही पाहावे.

भाव हाच पहिला पुरावा

वजनाला शुद्धतेने गुणले की नाण्यातील निव्वळ सोने कळते. ब्रिटिश सॉव्हरिनचे उदाहरण घेता येईल. त्याचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि शुद्धता २२ कॅरट, म्हणजे शुद्ध सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. त्या दिवसाच्या २४ कॅरटच्या दराने एवढ्या सोन्याची जी किंमत होईल, तिच्यापेक्षा बऱ्याच कमी भावात नाणे देऊ केले असेल, तर पुढची चौकशी न केलेलीच बरी. ज्याच्याकडे खरे सोने आहे, त्याला ते कोणत्याही सराफाकडे मोडता येते. अनोळखी माणसाला ते तोट्यात विकण्याचे त्याला कारण नसते.

'शेत नांगरताना हंडा सापडला, म्हणून स्वस्तात देतो' ही कथाही याच जातीची. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा ही कथा खोटी असेल तर ग्राहकाची फसवणूक ठरलेली, आणि खरी असेल तर विक्रेता कायदा मोडत असतो. दोन्ही परिस्थितींत हा व्यवहार ग्राहकाने करण्याजोगा नाही.

वजन, व्यास आणि जाडी

सोन्याचा मोठा गुण म्हणजे त्याची घनता. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते. २२ कॅरटचे मिश्रण सुमारे साडेसतरा पट, शिसे ११.३, चांदी १०.५, तांबे जवळपास ९, तर पितळ साधारण साडेआठ पट. त्यामुळे हलक्या धातूच्या नाण्यात वजन, व्यास आणि जाडी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळवता येत नाहीत. सॉव्हरिनचा व्यास २२.०५ मिलिमीटर आणि जाडी सुमारे दीड मिलिमीटर असते. त्याच मापाचे पितळी नाणे केले, तर ते चार ग्रॅमही भरणार नाही. वजन जुळवायचे तर ते दुप्पट जाड करावे लागेल. म्हणून नाणे हाती येताच शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि कॅलिपर यांनी ही तीन मापे घ्यावीत आणि टाकसाळीने जाहीर केलेल्या मापांशी ताडून पाहावीत.

पाण्याची परीक्षा घरीही करता येते. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा. मग नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला किंवा कडेला न टेकवता अधांतरी धरावे. काट्यावर जो आकडा दिसेल, तितक्या ग्रॅम पाण्याची जागा नाण्याने घेतलेली असते. सॉव्हरिनसाठी हा आकडा सुमारे ०.४५ यावा, २४ कॅरटच्या दहा ग्रॅम नाण्यासाठी सुमारे ०.५२. आठ ग्रॅमच्या पितळी नाण्याला तो ०.९० च्या वर जातो.

लोहचुंबकाला नाणे चिकटले, तर ते सोन्याचे नाही हे नक्की. मात्र न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तांबे, पितळ आणि शिसेही चिकटत नाही. घरच्या परीक्षांना आणखी एक मर्यादा आहे. टंगस्टन या धातूची घनता जवळजवळ सोन्याइतकीच असल्याने पाण्याच्या परीक्षेत तो उघडा पडत नाही. सराफांकडील क्ष-किरण यंत्रही पृष्ठभागालगतचाच धातू तपासते, त्यामुळे जाड थराखालचा गाभा त्याला दिसत नाही. टंगस्टन कठीण आणि ठिसूळ असल्याने त्यावर ठसा नीट उमटत नाही, म्हणून हा धोका नाण्यांपेक्षा मोठ्या लगडींत अधिक असतो. रक्कम मोठी असेल, तर ध्वनिलहरींनी आतपर्यंत तपासणी करून घ्यावी.

जुनी नाणी : भावनेचा बाजार

जुन्या नाण्याच्या बाबतीत प्रश्न केवळ धातूचा राहत नाही. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचा होन. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले हे छोटे सोन्याचे नाणे वजनाला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. अस्सल होन अतिशय दुर्मीळ आहेत. प्रतिकृती मात्र भेटवस्तू म्हणून सर्वत्र विकल्या जातात. प्रतिकृती म्हणून विकण्यात गैर काहीच नाही. तीच 'शिवकालीन' म्हणून विकली, की फसवणूक सुरू होते. महाराजांवरील श्रद्धेपोटी घेणारा फारशी चौकशी करणार नाही, हे विक्रेत्याला ठाऊक असते. तांब्याच्या शिवराईवरही हीच अक्षरे असतात, पण ती होनापेक्षा मोठी आणि बरीच जड असते. तेव्हा सोनेरी मुलामा दिलेली शिवराई होन म्हणून पुढे आली, तर ती वजनातच उघडी पडते.

हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांची एक खूण उपयोगी पडते. प्रत्येक घाव वेगळा पडत असल्याने ठसा कधी डावीकडे सरकतो, कधी उजवीकडे. दोन होनांवर ठसा नेमका तेवढाच सरकलेला आणि ओरखडाही त्याच जागी असेल, तर ते एकाच साच्यातून ओतलेले समजावेत. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि काठावर कधी कधी सांध्याची रेघ राहते.

घरोघरीच्या पुतळीहाराची गोष्ट वेगळी आहे. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे डुकाट, सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळपास शुद्ध सोन्याचे. त्याची इतकी मागणी होती की भारतातही त्याच्या नकला मोठ्या प्रमाणावर झाल्या. अशा नकलेत सोने असते, पण ती 'व्हेनिसचे अस्सल नाणे' म्हणून विकणे खोटे ठरते. मूळ नाण्यावरील लॅटिन अक्षरे नकलेत बिघडून नुसत्या रेघा झालेली असतात.

सॉव्हरिनच्या बाबतीतही असेच घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि लेबनॉनमध्ये तयार झालेल्या बनावट सॉव्हरिनपैकी अनेकांत सोने जवळजवळ पुरेसे होते. त्यामुळे केवळ सोने खरे आहे म्हणून नाणेही खरे, असे म्हणता येत नाही. येथे सालाकडे पाहावे लागते. मुंबईच्या टाकसाळीत सॉव्हरिन फक्त १९१८ मध्ये पाडले गेले आणि त्यावर 'आय' हे इंग्रजी अक्षर आहे. हीच खूण २०१३ पासून भारतात परवान्याने पाडलेल्या सॉव्हरिनवर पुन्हा आली. मधल्या एखाद्या सालाच्या नाण्यावर ती दिसली, तर ते नाणे बनावट आहे. आपल्याकडे सॉव्हरिनलाही सर्रास 'गिनी' म्हणतात. खरी गिनी हे त्याहून जुने आणि थोडे जड असे वेगळे नाणे आहे. विक्रेता 'गिनी' म्हणत असेल, तर त्याला नेमके काय म्हणायचे आहे हे विचारून घ्यावे.

हॉलमार्क, कागद आणि वेष्टन

दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपवर तपासता येतो. हॉलमार्कच्या सक्तीचा जो आदेश २०२० मध्ये निघाला, त्यातून मात्र सोन्याची नाणी वगळलेली होती. त्यामुळे 'हॉलमार्क आहे' एवढ्या शब्दांवर न थांबता तो कोणत्या कारखान्याचा, हे पाहावे. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या 'इंडियन गोल्ड कॉइन'वर एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी आणि ९९९ ही शुद्धता असते.

सीलबंद कार्डावरील क्रमांक उत्पादकाकडे पडताळावा. कार्ड आणि प्रमाणपत्र हे शेवटी छापील कागद आहेत आणि त्यांचीही नक्कल होते. जुन्या नाण्यांबाबत आणखी एक नियम लक्षात ठेवावा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

फसगत झाल्यास

पार्सल उघडतानाचे सलग चित्रीकरण, मूळ जाहिरातीचे छायाचित्र, विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद आणि पावती जपून ठेवावी. जाहिरात नंतर बदलली किंवा काढली जाते, म्हणून तिची प्रत पैसे देण्यापूर्वीच घेतलेली बरी. पैसे संकेतस्थळाबाहेर थेट विक्रेत्याच्या खात्यात पाठवू नयेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एक महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेही जाता येते. पैसे लुबाडले गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

जुन्या नाण्यांत रस असणाऱ्यांनी खरेदीपूर्वी अस्सल नाणी डोळ्यांखालून घालावीत. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे ती पाहायला मिळतात. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे. अस्सल ठशाची ओळख एकदा डोळ्यांना झाली, की पडद्यावरच्या छायाचित्रातील बोथट अक्षरे लगेच खटकू लागतात.