भूमिगत क्लोव्हर आणि त्याचे वाण

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील कुरणांचा इतिहास सांगताना सुपरफॉस्फेट आणि भूमिगत क्लोव्हर या जोडीला सगळे श्रेय दिले जाते. फॉस्फरसाला पारख्या झालेल्या जुन्या जमिनीत खत पडले, क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींनी हवेतला नत्र मातीत आणला आणि जिथे मेंढ्या जेमतेम तगत तिथे मोठे कळप पोसले जाऊ लागले. हे खरेच आहे. पण या हकिकतीत क्लोव्हर ही जणू एकच एकसारखी वनस्पती असते. प्रत्यक्षात ती कितीतरी वाणांची सरमिसळ होती. हे वाण वेगळे ओळखण्याचे चिकाटीचे काम झाले नसते, तर हीच कुरणे मेंढपाळीच्या मुळावर उठली असती, असे पुरावा पाहता मला ठामपणे वाटते.

मूळची ही भूमध्य समुद्राभोवतालची आणि पश्चिम युरोपातली रानवनस्पती. मेथी आणि लसूणघास तिचे जवळचे नातलग. त्रिदली पानांची ही वनस्पती हिवाळी पावसावर उगवते आणि उन्हाळा लागताच मरते. लिनियसने 1753 मध्ये तिला ट्रायफोलियम सबटेरॅनियम हे नाव दिले. एका गुच्छात मोजकीच पांढरट फुले येतात. फलधारणा झाली की देठ जमिनीकडे झुकतो, मागाहून वाढणाऱ्या वांझ फुलांचे ताठर निदल शेंगांभोवती वळून काटेरी बोंड तयार होते आणि भुईमुगाच्या आऱ्यांप्रमाणे ते मातीत शिरते. एकोणिसाव्या शतकात तिचे बी कुणी मुद्दाम न आणताच ऑस्ट्रेलियात पोचले. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट बार्करजवळ 1889 मध्ये एमस हॉवर्ड या रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाची नजर तिच्यावर गेली. 1906 पासून वर्तमानपत्रांतून लिहून त्याने तिचा पाठपुरावा केला आणि बीही विकले. बी गोळा करणे महाकठीण होते. मेंढीचे कातडे गुंडाळलेले रूळ शेतातून फिरवायचे आणि लोकरीत अडकलेली बोंडे सोडवून घ्यायची, अशी त्याची रीत पडली.

लवकरच लक्षात आले की ठिकठिकाणचा क्लोव्हर सारखा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बॉयप ब्रूककडचा ड्वालगनप हा वाण लवकर फुलतो, माउंट बार्कर नावाचा वाण मध्यम हंगामाचा आणि टॅलारूक उशिराचा. फूल जवळजवळ नेहमी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे वाणाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पानावरचा फिकट चंद्रकोरीसारखा डाग, उपपर्णांवरच्या तांबूस शिरा, देठावरची लव, निदलनळीवरचा लाल पट्टा, बियांचा रंग या खुणांवर म्हणूनच विसंबता येते. 1941 मध्ये यवॉन एटकेन आणि ड्रेक यांनी मेलबर्नमध्ये वाणांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे 1965 मध्ये कात्झनेल्सन आणि मॉर्ली यांनी तीन गट वेगळे काढले, जे आज उपजाती मानले जातात. त्यांतला यॅनिनिकम पाणथळ जमिनीत तग धरतो आणि त्याचे बी फिकट असते. ब्रॅकिकॅलिसिनम भेगाळणाऱ्या चिकण जमिनीत रमतो. आम्लधर्मी जमिनीवर पसरलेला सबटेरॅनियम गडद बियांचा.

हे सगळे वनस्पतिशास्त्रज्ञांचे कीस काढणे वाटेल, पण पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940च्या दशकात जे घडले त्याने त्याची निकड पटवली. हिरव्यागार क्लोव्हरवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात, राहिल्या तर विताना अडत, कित्येकींचे मायांग बाहेर येई. खच्ची केलेल्या मेंढ्यांना कास सुटे आणि लघवी तुंबून ते मरत. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या संशोधकांनी 1946 मध्ये हा विकार नोंदवला. ज्या कुरणांत तो दिसला तिथे ड्वालगनपचे वर्चस्व होते. पुढे या क्लोव्हरमध्ये फॉर्मोनोनेटिन हे द्रव्य सापडले. मेंढीच्या पोटातले जिवाणू त्यापासून इक्वॉल बनवतात आणि ते मादी संप्रेरकासारखे वागते.

यावर कुणी म्हणेल, मग श्रेय रसायनशास्त्राचे. फॉर्मोनोनेटिन काही डोळ्यांना दिसत नाही. ते दिसत नाही हे खरे, पण कोणते रोप तपासायचे आणि निकाल कोणत्या नावापुढे लिहायचा, हे वाणांची ओळख पक्की असल्याशिवाय ठरत नाही. ड्वालगनप, यार्लूप, डिनिनप यांत हे द्रव्य भरपूर आणि डालियाकमध्ये कमी, असा तक्ता मिसळलेल्या बियांवरून तयार झालाच नसता. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. थंडीने पानांवरचे डाग बदलतात, फॉस्फरस कमी पडला की फॉर्मोनोनेटिनही वाढते, आणि अधूनमधून परपरागण होऊन नवे प्रकार उपजतात, असे प्रकार ग्लॅडस्टोन्स या संशोधकाने पश्चिम ऑस्ट्रेलियात गोळाही केले. म्हणूनच जाणकार एका डागावर कधी भिस्त ठेवत नाहीत. ते फुलोऱ्याचा काळ, निदलाचा रंग, लव आणि बी एकत्र पाहतात. आणि खताने द्रव्याचे प्रमाण खालीवर झाले, तरी ड्वालगनपचा काही डालियाक होत नाही.

कठीण सालीचे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते, त्यामुळे कमी द्रव्याचा वाण पेरला तरी जुना वाण त्याच शेतात पुन्हा डोके वर काढतो. शेतकऱ्याने मोकळ्या मनाने मेंढ्या सोडण्याआधी फुलोऱ्याच्या दिवसांत खाली बसून फुले उलटवून पाहणे आणि कुठला वाण किती पसरला आहे याचा अंदाज घेणे, हाच त्यावरचा उपाय आहे.